मोल्सवर्थ की मोल्ड्सवर्थ : रॉचडेलचा ‘डी’ सापडला

मंडळी, मोल्सवर्थ आडनावाच्या आपल्या शोधातला एक गुंता निम्मा सुटला: इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या रॉचडेल गावातल्या विणकरांचं खरं आडनाव मोल्सवर्थ की मोल्ड्सवर्थ? ‘नोंदींचे उतरवून काढलेले उतारे पुरे, आता चर्चच्या रजिस्टरचं मूळ पान बघ’ असा धोशा तुम्ही लावला होतात, त्याचं चीज झालं.

त्यांच्यातल्या एका विणकराचं १७८०च्या दशकातलं लग्न आठवतंय ना? लँकेशायर ऑनलाइन पॅरिश क्लार्क्स या साइटच्या स्वयंसेवकांनी उतरवलेल्या नोंदीत नवऱ्याचं आडनाव मोल्सवर्थ आहे. त्यांनी चोख काम केलंय, कारण पाद्र्याने तसंच लिहिलंय. पण १७५४ पासून इंग्लंडमधल्या लग्नाच्या नोंदीखाली वधूवरांनी सही करायची किंवा फुली मारायची, असा नियम होता. फॅमिलीसर्च या वंशावळींच्या साइटवर त्या पानाचा स्कॅन मोठा करून पाहिला. वर पाद्र्याचं वळणदार, सराईत ‘मोल्सवर्थ’. खाली नवऱ्याची सही: टाक दाबून लिहिलेली, जाडजूड, एका ठिकाणी शाई फुटलेली. आणि ‘एल’ व ‘एस’च्या मधोमध उंच दांड्याचा स्वच्छ ‘डी’. त्याआधी ‘ओ’ला लागून ‘यू’सुद्धा. मोल्ड्सवर्थ! पाद्र्याने कानाला आलं ते लिहिलं, या विणकराने आपलं नाव लिहिलं. त्या एका अक्षराकडे मी किती वेळ बघत बसले होते, सांगता येत नाही.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात: मोल्सवर्थ हे हंटिंगडनशायरमधलं गाव, आता केंब्रिजशायरमध्ये मोडतं. १०८६च्या डूम्सडे बुकात, म्हणजे इंग्लंडच्या जमिनींच्या जुन्या पाहणीत, त्याची नोंद आहे. मूल नावाच्या कुणा माणसाचं कुंपण घातलेलं आवार, असं ते मूळ नाव. मोल्ड्सवर्थ मात्र दूर पश्चिमेला, चेशायरमध्ये. तिथला पहिला शब्द टेकडीचा आहे. आपल्या सातारकर-नागपूरकरांसारखंच गावाचं नाव माणसाला बहुधा गाव सोडल्यावर चिकटतं. म्हणजे गावं दोन, घराणीही वेगळी, पण बोलताना मधला ‘ड’ गिळला की रजिस्टरात सगळे एक.

याचा सगळ्यात मोठा तोटा मोल्सवर्थांच्या सरदार शाखेच्या अभ्यासाला होतो. एका सशुल्क साइटवर सभासदांनी मांडलेल्या वंशावळींत रॉचडेलचे हे विणकर बेधडक व्हायकाउंट (सरदारकीचा एक किताब) मोल्सवर्थ यांच्या घराण्याला जोडलेत. कारण काय, तर रेव्हरंड जॉन एडवर्ड नॅसॉ मोल्सवर्थ हे रॉचडेलचे व्हिकर, म्हणजे तिथल्या चर्चचे मुख्य पाद्री, होते. अहो, पण ते तिथे आले १८३९ साली! माझ्या विणकराचं लग्न त्याच्या कितीतरी आधीचं. असली झाडं एकाची बघून दुसरा उतरवतो आणि दहा ठिकाणी दिसली की खरी वाटायला लागतात. माझं स्पष्ट मत आहे: सभासदांची झाडं सुगावा म्हणून बघावीत, पुरावा म्हणून कधीच नाही.

आता अडलंय ते या विणकराच्या धाकट्या भावापाशी. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बाप तोच, वस्ती तीच, धंदा तोच. पण स्वतःच्या लग्नात त्याने फुली मारलीय. त्याच्या पुढच्या पिढ्या १८४१च्या जनगणनेपासून सरसकट मोल्सवर्थ लागतात, तर थोरल्याच्या घरात ‘डी’ अधूनमधून डोकावत राहतो. एकाच घरातून दोन आडनावं निघाली, असं मला पक्कं वाटतं, पण फुलीवरून ते सिद्ध कसं करायचं? जनगणना कामाची नाही. १८४१ची तर प्रौढांची वयंही पाचच्या पटीत खाली आणून लिहिते आणि जन्मगाव देतच नाही. सगळे कागद चाळून झाले आणि मग साक्षीदारांच्या रकान्याकडे लक्ष गेलं. धाकट्याच्या लग्नाला साक्षीदार आहे थोरला, आणि सही पुन्हा तशीच, जाड टाकाची, ‘डी’सकट! नातं घट्ट झालं. तरी हे कुटुंब चेशायरमधूनच आलं, हे अजून कागदावर नाही.

त्यासाठी वाय-डीएनए (बापाकडून मुलाकडे जाणारा डीएनए) चाचणीसाठी दोन्ही ओळींतले पुरुष वंशज शोधायचे, असं ठरवलं होतं. पण हे लिहिता लिहिता वाटतंय, आधी सेटलमेंटचे, म्हणजे माणूस कुठल्या गावचा हे ठरवणारे, कागद बघावेत. १६६२च्या कायद्याने गरिबाला पोसायची जबाबदारी त्याच्या मूळ पॅरिशवर (चर्चच्या हद्दीतल्या वस्तीवर) होती. त्यामुळे परक्या गावी हात पसरावा लागला की तो जन्मला कुठे, उमेदवारी कुठे केली, हे सगळं विचारून लिहून घेत. विणकरांवर वाईट दिवस आलेच असणार. हे कागद फुकटात बघता येतात, डीएनए नंतर.

मोल्ड्सवर्थ बाजूला काढल्यावर खऱ्या मोल्सवर्थांचा नकाशा किती साफ झालाय म्हणून सांगू! एक फांदी कॉर्नवॉलला, पेनकॅरो या वाड्यावर. त्यातलेच हेंडर मोल्सवर्थ जमैकाचा कारभार बघून १६८९ साली बॅरोनेट (वंशपरंपरागत किताबाचे मानकरी) झाले. दुसरी डब्लिनला, जिथे रॉबर्ट मोल्सवर्थ १७१६ साली व्हायकाउंट झाले. आणि हे बघून मी खरंच हरखले: डब्लिनची मोल्सवर्थ स्ट्रीट थेट आयर्लंडच्या संसदेसमोर निघते आणि वेलिंग्टनच्या मोल्सवर्थ स्ट्रीटवर न्यूझीलंडची संसद आहे. त्या रॉचडेलच्या व्हिकरांचे चिरंजीव गिल्फर्ड तर हिंदुस्थान सरकारचे रेल्वेचे सल्लागार इंजिनिअर होते.

राहता राहिले आपले जेम्स थॉमस मोल्सवर्थ, ज्यांचा १८३१चा मराठी-इंग्रजी शब्दकोश आणि त्याची १८५७ची दुसरी आवृत्ती आपण आजही उघडतो. त्यांना सगळ्यात शेवटी हात घालायचा बेत होता. पण त्यांच्यासारख्या, ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत कॅडेट म्हणून शिरलेल्यांचे अर्ज ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि त्यांना बाप्तिस्म्याचे दाखले जोडलेले असतात. म्हणजे गाव आणि आईबाप एका कागदावर! तेव्हा क्रम बदलतेय: आधी त्यांचा अर्ज, मग रॉचडेलचे सेटलमेंट कागद, डीएनए तिसरं. चेशायरच्या टार्विन पॅरिशची १७५० आधीची रजिस्टरं कुणी चाळली असतील तर ‘डी’वाले विणकर दिसले का, तेवढं कळवा, मोल्ड्सवर्थ गाव त्याच पॅरिशमध्ये होतं.