दांडा, दोर आणि आत्या

जुन्या वाड्यांतले जिने ज्यांनी बांधले, त्यांना स्वतःला गुडघे नसावेत. साताऱ्याच्या पेठांमधून असे काही जिने अजून शिल्लक आहेत. भिंतीच्या पोटात शिरलेले, अंधारे, एकेक पायरी फूटभर उंच. पण त्याच जिन्यात वरच्या तुळईला बांधलेला एक जाड दोर लोंबत असायचा, मध्ये मध्ये गाठी मारलेला. घरातली सगळी माणसं, अगदी शाळेतली पोरंसुद्धा, तो धरूनच वर जायची. त्यामुळे आजीनं दोर धरला तर त्याची बातमी व्हायची नाही.

दात गेलेल्या आजोबांसाठी पान कुटायचा लोखंडी खलबत्ता असायचा. पाठ खाजवायला लाकडी पंजा असायचा, आणि तो नातवंडं तलवार म्हणून पळवायची. न्हाणीत बसायला चौरंग होता. या सगळ्या सोयी घरात भांड्याकुंड्यांसारख्या वावरत होत्या. आता तसलंच काही आणायला जावं, तर दुकानात त्यावर 'ज्येष्ठांसाठी साहित्य' अशी पाटी असते आणि गाडी तिथंच अडते. निदान आमच्या आत्याची तरी अडली.

आत्या यादोगोपाळ पेठेत एकटी राहते. वय ८१. आयुष्यभर गणित शिकवलेलं, त्यामुळे तिच्याशी वाद घालायचा तर पायऱ्या लिहून दाखवाव्या लागतात. उजवा गुडघा दुखतो, आणि सातारा हे अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वसलेलं गाव. राजवाड्याकडे जा नाहीतर पोवई नाक्याकडे, चढ किंवा उतार चुकत नाही. त्यात पावसाळ्यात बोळातल्या शहाबादी फरशीवर शेवाळ धरतं. तरी काठी नको. कारण विचारलं तर म्हणाली, "काठी नसते तेव्हा लोक मला 'काय बाई, कशा आहात' विचारतात. काठी धरली की 'कुणाबरोबर आलात' विचारायला लागतात."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी आपला सज्जनगड काढला. गडावर शेजघरात समर्थांची कुबडी ठेवलेली आहे, तिला लोक हात जोडतात, असं म्हटलं. "ती जपाला बसताना टेकायची," आत्या म्हणाली, "ती टेकवत ते गड उतरले नाहीत." मुद्दा बाद.

शेवटी काठी आली ती फिजिओथेरपिस्ट बाईंच्या सांगण्यावरून, आणि आल्या आल्या वाद सुरू झाला. गुडघा उजवा, तर काठी डाव्या हातात. आत्याला हे उलटंच वाटलं. बाईंनी तिला चालायलाच लावलं. उजवा पाय आणि डावा हात चालताना एकदमच पुढे जातात, तेव्हा दुखऱ्या पायावर भार येतो त्याच क्षणी काठी दुसऱ्या बाजूनं तो वाटून घेते. हा तर्क पटला. मग उंची. पायात नेहमीची चप्पल, हात सैल सोडलेला, आणि काठीची मूठ मनगटाच्या घडीशी. घरातली पणजोबांची शिसवी काठी या मापात दोन-तीन इंच जास्त निघाली, आणि तिला करवत लावायची कुणाची छाती नव्हती. म्हणून खटका दाबून कमी-जास्त होणारी अॅल्युमिनियमची घेतली. राहिला भाजीच्या पिशवीचा प्रश्न. डाव्या हातात काठी आणि उजव्यात तीन किलो भाजी, म्हणजे सगळं वजन पुन्हा दुखऱ्या बाजूलाच. त्यावर खांद्यावरून आडवी घ्यायची झोळी शिवून घेतली, आणि आत्या जरा कीर्तनकारासारखी दिसायला लागली.

काठीतली खरी गोम मात्र तळाशी असते. टोकाच्या रबरी बुटाला खालून गोल वळ्या असतात. त्या झिजून गुळगुळीत झाल्या की ओल्या फरशीवर काठी आधार द्यायच्या ऐवजी स्वतःच पळते. बूट किरकोळ किमतीला मिळतो. आत्या आता महिन्याच्या पहिल्या तारखेला काठी उलटी करून, चष्मा लावून, तो तपासते. पूर्वी वह्या तपासायची तोच चेहरा.

खरी लढाई झाली ती न्हाणीघरात. आमचं सगळ्यांचं म्हणणं, आतून कडी लावू नकोस. तिचं म्हणणं, "दार उघडं ठेवून आंघोळ करायला मी काय दीड वर्षाची आहे?" आणि मला हे बरोबर वाटतं. आपण म्हाताऱ्या माणसाच्या सुरक्षिततेबद्दल बोलताना पहिला हात त्याच्या कडीलाच घालतो. मग तडजोड ठरली. कडी राहील, पण बाहेरून नाणं घालून फिरवता येईल अशी. शिवाय दार आत उघडायचं, ते सुताराकडून बाहेर उघडेल असं करून घेतलं. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं, हे आधी कुणाच्या डोक्यात येत नाही.

आणि भिंतीवरचा आधाराचा दांडा. तो मात्र "माझ्या कंबरेसाठी" म्हणून बसवला. माझी कंबर दुखते हे खोटं नाही. प्लंबरनं तो टाइलवरच दोन स्क्रू मारून उरकायचा बेत केला होता. "टॉवेलला एवढं पुरतं, दादा." टॉवेलला पुरतं, घसरणाऱ्या माणसाला पुरत नाही, टॉवेलची दांडी धरून पडणारा दांडीसकट पडतो. मग विटांच्या भिंतीत खोल भोकं पाडून फास्टनर ठोकले. दांडा सव्वा ते दीड इंच जाड, म्हणजे मूठ पुरती मिटते. भिंतीपासूनही दीडच इंच दूर, म्हणजे मध्ये कोपरापर्यंत हात अडकत नाही. काम झाल्यावर प्लंबर स्वतःच त्याला लोंबकळला आणि समाधानानं हसला. आता तो सगळेच धरतात. भाचीची पोरं धरतात, मी धरतो, आणि आत्याही "हाताशी आहे म्हणून" धरते.

सरकारलाही ही गरज कळलेली आहे. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे, आणि २०२४ साली राज्यानं मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. पासष्टी गाठलेल्यांना, उत्पन्नाच्या अटीत बसत असतील तर, एकदाच ३००० रुपये थेट खात्यात. चष्मा, श्रवणयंत्र, काठी, घडीचा वॉकर, कमोड खुर्ची, कंबरेचा पट्टा असल्या वस्तूंसाठी. ३००० रुपयांत चांगलं श्रवणयंत्र येत नाही, काठी आणि कमोड खुर्ची मात्र येते. आत्याला पेन्शन असल्यानं ती त्यात बसत नाही, पण शेजारच्या दोघींचे अर्ज तिनंच भरून दिले. काठी टेकवत जाऊन.

रात्रीच्या दिव्यावर वाद झाला नाही, तो देवापाशी असतोच. दुसरा पॅसेजमध्ये लावला. गळ्यात अडकवायचं धोक्याचं बटण तिनं साफ नाकारलं आणि उशाशी पूजेची जुनी घंटा ठेवली. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंना ती ऐकू जाते का, याची चाचणी तिनं पहाटे पाच वाजता घेतली. जाते.

उरली कमोड खुर्ची. तिचं नाव काढलं की आत्या उठून आत जाते. पण दिवाळीला मुंबईचे व्याही यायचे आहेत, आणि त्यांना खाली बसायची सवय नाही. त्यांच्यासाठी म्हणून एक आणून ठेवावी, असं परवा मी सहज बोललो. आत्यानं माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "तुझी कंबर, त्यांची सवय," ती म्हणाली. "बरं, आण. पण ते गेल्यावर माळ्यावर टाकायचं नाही, उगाच पैसे वाया."