‘डायबेटिक मील’च्या भरवशावर विमानात बसू नका

नऊ दिवसांच्या प्रवासातले सात दिवस लो-कार्ब, म्हणजे साखर-स्टार्च (कार्बोहायड्रेट) कमी असलेलं खाणं, सांभाळायला काहीच अडचण आली नाही. अंडी, मासे, चिकन, पालेभाज्या सगळीकडे मिळालं, त्यामुळे त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचंय ते जायच्या दिवसाबद्दल. अठरा तासांत माझी तीनदा फसगत झाली आणि अजून राग गेलेला नाही.

मी दिवसाला ५० ग्रॅमच्या आत कार्ब ठेवते. मोजायचं कसं हे तुम्हाला येतं असं धरून पुढे लिहिते.

तिकीट काढतानाच मी ‘डायबेटिक मील’ नोंदवलं होतं. बहुतेक विमान कंपन्यांना हे निदान २४ तास आधी सांगावं लागतं. सगळ्यांच्या आधी माझा ट्रे आला, म्हणून बरंही वाटलं. वरची फॉइल काढली तर अर्ध्याहून जास्त डबा भाताने भरलेला! कडेला कोरड्या चिकनचे चार तुकडे, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला ब्राउन ब्रेड आणि वाटीत सफरचंदाच्या फोडी नि द्राक्षं. माझ्या अंदाजाने ८० ग्रॅमच्या आसपास कार्ब, म्हणजे दीड दिवसाचा कोटा एका ट्रेमध्ये. विचारलं तर उत्तर मिळालं, “मॅडम, यात साखर नाहीये.” ती मुलगी खोटं बोलत नव्हती. या जेवणात वरून घातलेली साखर टाळतात, तेलतूप बेताचं ठेवतात. स्टार्च कमी करण्याचं वचन त्यात कुठेच नसतं, पण हे नोंदणीच्या पानावर कुणी लिहीत नाही. मी चिकन खाल्लं आणि बाकीचं परत केलं.

दुसरं विमान चार तास उशिरा. रात्रीचं बहुतेक बंद झालेलं, उघड्या असलेल्या एकमेव दुकानात ‘शुगर-फ्री’ चॉकलेट बार. बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त पैसे मोजून दोन घेतले. पोटात आग पडली होती, मागची बारीक अक्षरं वाचलीच नाहीत. तासाभराने ग्लुकोमीटर लावला तर साखर १७८. खाण्याआधी १०६ होती. मग पाकीट उलटवून बघितलं: घटकांमध्ये पहिलंच नाव माल्टिटॉल, साखरेऐवजी गोडीसाठी घालतात ते. याने साखरेइतकी नाही, पण रक्तातली साखर चांगलीच वाढते. एरिथ्रिटॉल या तशाच दुसऱ्या पदार्थाने जवळपास वाढत नाही. दोघांवर लेबल मात्र तेच, ‘शुगर-फ्री’. शिवाय माल्टिटॉल जास्त झालं की पोट बिघडतं. पुढच्या विमानात माझं बिघडलं, आणि सीट खिडकीजवळची होती. प्रवासात हे बार घेऊच नका. माल्टिटॉल दिसलं की खाली ठेवा.

मध्यरात्री हॉटेलवर पोचल्यावर चिकन सूप मागवलं. मैदा नाही ना, एवढं विचारून घेतलं. मैदा नव्हता, कॉर्नफ्लॉर होतं. एका मोठ्या चमच्यात त्याचे सातेक ग्रॅम कार्ब असतात आणि ते सूप चमच्याला चिकटत होतं. तेव्हा ‘मैदा आहे का’ विचारू नका, ‘दाटपणा कशाने आणता’ असं विचारा. सकाळच्या बुफेतही ट्रेमध्ये तयार असलेलं ऑम्लेट घेऊ नका. फुगावं म्हणून काही स्वयंपाकघरांत त्यात पॅनकेकचं पीठ घालतात. अंडी समोर फोडून करून घ्या, नाहीतर उकडलेली घ्या.

दुसऱ्या दिवशी डोकं ठणकत होतं, पोटऱ्यांत गोळे येत होते. हे कार्ब कमी पडल्यामुळे नव्हतं, मीठ कमी पडल्यामुळे होतं. कार्ब कमी असले की इन्सुलिन उतरतं आणि मूत्रपिंडं सोडियम बाहेर टाकतात. त्यात विमानातली हवा कोरडी आणि माझं पोट बिघडलेलं. पाण्यात चिमूट-चिमूट मीठ घालून दोनदा प्यायले, दुपारपर्यंत डोकं उतरलं. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

आणि औषधं. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातली मधुमेहाची गोळी चालू असेल आणि प्रवासात जेवण हुकलं, तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. ज्यांच्या मधुमेहाच्या गोळीचं नाव ‘फ्लोझिन’ने संपतं, त्यांनी लो-कार्बबद्दल निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलायलाच हवं. त्या गोळ्यांवर कार्ब फार कमी झाले किंवा उपास घडला तर साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साठून जिवावर बेतणारा केटोअ‍ॅसिडोसिस होऊ शकतो. मळमळ, उलटी, धाप लागली तर ‘प्रवासाचा शीण’ म्हणून झोपून राहू नका.

येताना मी कुणावर विसंबले नाही. पहिल्या २४ तासांचं खाणं माझ्याच पिशवीत: उकडलेली अंडी (ती निघाल्यापासून दोन तासांत संपवली, फ्रीजबाहेर त्याहून जास्त ठेवू नयेत), कडक चीज, बदाम, अक्रोड. काजू मुद्दाम नाही घेतले. १०० ग्रॅम बदामांत फायबर वजा जाता साधारण १० ग्रॅम कार्ब, काजूत २५ च्या वर. पीनट बटरची बरणी मात्र सुरक्षा तपासणीत गेली, कारण ते द्रवपदार्थात धरतात आणि बऱ्याच विमानतळांवर १०० मिलीच्या वर नेऊ देत नाहीत. मऊ चीज आणि दह्याचंही तेच. परदेशातून येत असाल तर उरलेलं चीज आणि मांस उतरण्याआधीच संपवा, कस्टम्सला अडकू शकतं. माझा शेवटचा तुकडा विमान खाली यायला लागल्यावर संपला. घरी आल्या आल्या साखर तपासली, ९८.