पहिल्या गोधडीचा गोट: कोपऱ्यात पाव इंच आधी थांबा

टाके घालून झाले की गोधडी संपली असं वाटतं, पण पहिली गोधडी बिघडते ती गोट, म्हणजे कडेची पट्टी, लावताना. आधी चारही कडा पट्टीने सरळ कापा, कोपरे काटकोनात आहेत ना बघा. ४० बाय ५० इंचाच्या गोधडीचा घेर १८० इंच. जोड आणि कोपऱ्यांसाठी १२ इंच जास्त धरा. ४२ इंच पन्ह्याच्या कापडातून अडीच इंची ५ पट्ट्या पुरतात. पट्ट्या तिरप्या जोडा, सरळ जोडल्या तर तिथे गाठोडं होतं. मग लांबीत दुमडून इस्त्री.

पट्टी गोधडीच्या पुढच्या बाजूवर, मोकळ्या कडा जुळवून ठेवा. एका बाजूच्या मधोमध शिवायला सुरुवात करा, पट्टीचं ८-१० इंच शेपूट मोकळं सोडून. शिलाई कडेपासून पाव इंच आत. कोपरा पाव इंचावर आला की थांबा, दोरा तोडा. पट्टी सरळ वर दुमडा, मग खाली पुढच्या कडेवर आणा. वरची घडी आताच शिवलेल्या कडेशी जुळली पाहिजे. टोकापर्यंत शिवत गेलात तर कोपरा कधीच टोकदार बसत नाही, उसवावाच लागतो. पट्टी ताणू नका, कड चुण्या धरते.

शेवटी दोन्ही शेपटं एकमेकांवर अडीच इंच, म्हणजे न दुमडलेल्या पट्टीच्या रुंदीइतकी, येतील अशी कापून तिरपी जोडा. मग पट्टी मागे वळवून मागची बाजू हातानेच शिवा. वेळ लागतो, पण मशीनची वाकडी टीप पुढून दिसते.