"पाय तर सगळ्यांचेच सुजतात गं"

हे मीच म्हटलं होतं गरोदर भाचीला, फोनवर, दोन आठवड्यांपूर्वी. "डोकंही फार दुखतंय गं मावशी," तर म्हटलं, रोज सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमधून ऑफिसला जातेस, दुखणारच.

आज एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूच्या, काचेपाशी उभी होते आणि तेच वाक्य डोक्यातून जाईना.

बत्तिसाव्या आठवड्यातच सिझर करावं लागलं. वजन १३०० ग्रॅम. सगळ्यात लहान डायपरसुद्धा पार काखेपर्यंत आलेला. श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात होत्या, मी त्या मोजत राहिले.

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. बीपी १७०/११०, लघवीत प्रोटीन. याला प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात. ती सूज, ती डोकेदुखी याचीच. वारेतून बाळाला पुरेसं रक्त मिळत नाही, मग पोटातच वाढ खुंटते. गोळ्यांनी बीपी आवरता येतं, पण आजार उतरायला सुरुवात होते ती बाळंतपणानंतरच. म्हणून बाळाला अपुऱ्या दिवसांचं बाहेर काढावं लागतं. फुफ्फुसं तयार व्हावीत म्हणून आधी आईला स्टिरॉइडची इंजेक्शनं दिली होती. आणि बाळंतीण झाली म्हणून धोका लगेच टळत नाही, तिचं बीपी अजूनही दिवसातून चार वेळा बघतायत.

संध्याकाळी तिला व्हीलचेअरवरून आणलं. सिस्टरांनी बाळ तिच्या उघड्या छातीवर ठेवलं, वरून दुपटं. पाच मिनिटांत त्याचा श्वास संथ झाला. ती माझ्याकडे बघून हसली. मला काही बोलताच आलं नाही.

तुमच्या घरात कोणी गरोदर आहे का? तिचं बीपी शेवटचं कधी मोजलं?