तीन की चार

गुरुवार, रात्री अकरा

टीम लीडरचा निरोप आला तेव्हा माझे ११२ निबंध तपासून झाले होते. "दोन मिनिटं बोलू या का?" आमच्या कामात कुणी असं विचारलं की समजायचं, आपला काटा सरकलाय.

स्क्रीनवर निबंध उघडतो. वर नाव नसतं, वय नसतं, शाळा नसते. वाचायचा, १ ते ६ मधला एक आकडा द्यायचा, की पुढचा उघडतो. एकाला दोन-अडीच मिनिटं. तोच निबंध दुसरीकडे आणखी कुणी तरी वाचत असतं. आमचे आकडे जुळले किंवा एकाने मागेपुढे झाले तर चालतं, त्याहून फरक पडला की निबंध तिसऱ्याकडे जातो. शिवाय अधूनमधून, काही न सांगता, एखादा असा निबंध सोडतात ज्याचा आकडा जुन्याजाणत्या परीक्षकांनी आधीच ठरवलेला असतो. तो कुठला हे कळायला काही मार्ग नाही. आज असे सहा आले आणि त्यातल्या तिघांना मी तीनच्या जागी चार देऊन बसले.

"तिन्ही वेळा वरच गेलायत. सकाळी ठीक होतं," टीम लीडर म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नसतो, तेच जास्त लागतं. नमुना निबंध पुन्हा वाचायला लावले, दहा सरावाचे तपासून घेतले आणि मग पुढचे उघडले.

काटा का सरकला ते मला ठाऊक आहे. दुपारच्या एका निबंधात एक वाक्य होतं. गोपनीयतेच्या कागदावर सही केलेली आहे, म्हणून शब्द बदलून लिहिते: "माय ग्रँडफादर इज लिव्हिंग विथ अस सिन्स टेन इयर्स." ते वाचलं आणि डोळ्यांसमोर काकांची वही आली. पुढचे तासभर मी जे तपासले ते बहुतेक काकांचेच तपासले.

काका माझ्या संध्याकाळच्या वर्गात येतात. कारखान्यात मशीनवर वर्षानुवर्षं काढल्यावर आता सुपरवायझर झालेत आणि शिफ्टचा रिपोर्ट इंग्रजीत लिहावा लागतो. रिपोर्टचा कच्चा मजकूर ते आधी पेन्सिलने वहीत उतरवतात आणि इतकं खोडतात की काही ठिकाणी कागद पातळ होऊन मागची ओळ दिसते. त्यांचं ठरलेलं वाक्य: "द मशीन इज स्टॉप सिन्स टू अवर्स."

आता यात त्या बिचाऱ्यांचं काय चुकलं? मशीन दोन तासांपासून बंद आहे. आपल्याकडे 'आहे'च म्हणतात, कारण ते आत्ताही बंदच आहे. आणि दोन तासांपासून म्हणा की दोन वाजल्यापासून म्हणा, आपल्याला एक 'पासून' दोन्हीकडे पुरतो. इंग्रजीला मात्र किती वेळ ते सांगायला 'फॉर' लागतो, केव्हापासून ते सांगायला 'सिन्स', आणि वर 'हॅज बीन' वेगळंच. मी फळ्यावर एक टिंब काढते, त्याच्यापासून आजपर्यंत जाड रेघ ओढते. टिंबाला सिन्स, रेघेला फॉर. हे तीनदा शिकवून झालं. तिन्ही वेळा काकांनी मान डोलावली आणि पुढच्या आठवड्यात वहीत पुन्हा 'इज स्टॉप सिन्स'. मग गेल्या आठवड्यात एकदम "हॅज बीन स्टॉप" आलं. शेवटचं 'स्टॉप्ड' व्हायचं राहिलंच होतं, पण मला इतका आनंद झाला की मी त्याखाली दोनदा रेघ मारली.

तपासणीच्या कोष्टकात या आनंदाला जागा नाही. 'चुका वारंवार होतात, तरी अर्थ पोचतो' म्हणजे तीन, विषय संपला. लिहिणारा गेल्या महिन्यात कुठे होता हे कोष्टक विचारत नाही आणि खरं सांगायचं तर त्याने विचारूही नये. नवीन होते तेव्हा हे सगळं नियमांचं प्रकरण मला जाच वाटायचं. मग प्रशिक्षणात एका जुन्या अभ्यासाबद्दल ऐकलं. १९६१ साली अमेरिकेत पॉल डीडरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉलेजच्या पहिल्या वर्षातल्या मुलांचे ३०० निबंध ५३ जणांना वाचायला दिले. त्यात शिक्षक होते, वकील, संपादक, शास्त्रज्ञ होते. सगळी शिकलेली, वाचणारी माणसं. नऊ गठ्ठे करा एवढंच सांगितलं, निकष मुद्दाम दिले नाहीत. शंभरातल्या ९४ निबंधांना निदान सात वेगवेगळे आकडे मिळाले. पाचपेक्षा कमी वेगळे आकडे मिळालेला निबंध एकही नव्हता. म्हणजे मुलाला मिळालेला आकडा मुलाचा कमी आणि वाचणाऱ्याचा जास्त.

त्यामुळे आज मी दिलेले ते चार म्हणजे माया वगैरे काही नाही. तीच चूक करणाऱ्या कुणाला तरी सकाळी मी तीन दिले होते. त्याचं काय?

(एक नोंद: 'एव्हरी कॉइन हॅज टू साइड्स' आज चौदा वेळा. पाठ केलेली वाक्यं दुरूनच ओळखू येतात. विषय मोबाइलचा असो की झाडांचा, नाण्याला बाजू दोनच.)

हे झालं वर्गातलं तपासणीत सांडणं. उलटंही होतं, आणि ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तपासणीत एक सोय आहे. निबंधात कुणी स्वतःला इजा करण्याबद्दल किंवा घरात मार खाण्याबद्दल लिहिलं असेल, तर आकड्याच्या आधी एक वेगळं बटण दाबायचं. निबंध वर जातो. पुढे काय झालं ते आम्हाला कधीच कळत नाही. मी ते दोनदा दाबलंय आणि ते दोन्ही निबंध मला अजून आठवतात. म्हणजे दिवसाला शंभरावर निबंध उरकणाऱ्या त्या यंत्रणेतही, इथे थांब, आधी काय लिहिलंय ते वाच, असं सांगणारं काही तरी आहे.

वर्गात असं बटण नाही. मंगळवारी काका आले नाहीत. दुसऱ्या एका विद्यार्थ्याच्या हाती त्यांनी चिठ्ठी पाठवली होती, इंग्रजीत, म्हणजे नक्कीच घाम गाळून लिहिलेली. "माय वाइफ इज इन हॉस्पिटल सिन्स मंडे. आय नॉट कम." मी लाल पेन उघडून 'सिन्स'भोवती गोल काढला. गोल पूर्ण झाल्यावर वाक्य वाचलं.

फोन केला लगेच. काकूंचं ऑपरेशन व्यवस्थित झालं होतं. पण चिठ्ठी माझ्या पर्समध्ये राहिली आणि फेकवेना, म्हणून आज इतरांच्या वह्यांबरोबर ती चुकून टेबलावर आली.

काका आज आले होते. काकू घरी आल्यात, चालतायत. त्यांनी चिठ्ठी उचलली, चश्मा वर करून बराच वेळ पाहिली. मला वाटलं, आता हे काय म्हणणार.

"मॅडम, 'इज'चं चुकलं ते कळलं मला. 'हॅज बीन' पाहिजे होतं. पण सिन्स बरोबर आहे ना इथे? मंडे म्हणजे टिंब."

बरोबरच होतं. मी ज्याला गोल केला होता तोच शब्द त्या चिठ्ठीत बरोबर होता.

लाल शाई खोडता येत नाही. मी त्यांची पेन्सिल मागून घेतली, गोलाशेजारी बरोबरची खूण केली आणि चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती वहीत ठेवली. मग विचारलं, "किती मार्क?"