उन्हाळ्याची पुस्तके, आपल्याच जिल्ह्यातली

परीक्षा आटोपत आल्या की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत ‘सुट्टीत काय वाचावे’ अशा याद्या दिसू लागतात. त्यांत निम्मी पुस्तके नुकतीच गाजलेली आणि उरलेली यशाचे मार्ग सांगणारी असतात, त्यामुळे अशा यादीवरून आणलेली पुस्तके एकमेकांशी बोलत नाहीत; एक मिटून दुसरे उघडले की पहिले विसरले जाते. म्हणून या उन्हाळ्यात सुटी सुटी पुस्तके न निवडता एकाच मुलखाची निवडायची, आणि तो मुलूखही लांबचा नको, कोल्हापूर जिल्ह्याचाच असावा, असे मी ठरवले आहे.

पहिले पुस्तक अर्थातच आनंद यादव यांचे ‘झोंबी’. 1987 साली आलेल्या आणि 1990 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या या पुस्तकात कागलच्या एका गरीब घरातला मुलगा शाळेसाठी झगडतो, आणि त्याचे वडील मात्र त्याने मळ्यात राबावे म्हणून हटून बसतात. पुस्तक जाडजूड आहे, संवाद बोलीतले आहेत, आणि शहरात वाढलेला वाचक सुरुवातीच्या पानांत अडखळतो. पण कोल्हापुरात राहणाऱ्याला ती सबब नाही, कारण हीच बोली बाजारसमितीत आणि एस.टी.त रोज कानावर पडते. पुढची ‘नांगरणी’, ‘घरभिंती’ आणि ‘काचवेल’ ही तीन पुस्तके एकाच सुट्टीत संपवण्याचा हट्ट मी धरणार नाही.

दुसरे, कृष्णात खोत यांचे ‘रिंगाण’. 2023 चा अकादमी पुरस्कार मिळालेली ही कादंबरी धरणामुळे उठलेल्या गावाची आणि मागे राहिलेल्या म्हशीची आहे. राधानगरी आणि काळम्मावाडीच्या पाण्यावर ज्या जिल्ह्याचा ऊस उभा आहे, तिथल्या वाचकाने धरणाची दुसरी बाजू वाचलीच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. पुस्तक लहान आहे, तरी ते भरभर वाचण्याचे नव्हे. तिसरे, राजन गवस यांचे ‘भंडारभोग’. यल्लम्माच्या नावाने जोगत्या म्हणून सोडलेल्या पुरुषाचे आयुष्य त्यात आहे. ते दुपारच्या झोपेआधी सहज चाळावे असे नाही. सकाळच्या थंडाव्यात, मन ताजे असताना घ्यावे.

पुस्तके विकत घ्यायची की वाचनालयातून आणायची, हा प्रश्न माझ्यापुरता सुटलेला आहे. ज्या शहरात 1850 पासून करवीर नगर वाचन मंदिर आहे, तिथे आधी आणून वाचावे आणि पुन्हा वाचावेसे वाटले तरच विकत घ्यावे. वाचनालयातल्या जुन्या प्रतींची मला आणखी एक सोय वाटते. शेवटच्या पानावर चिकटवलेल्या तारखांच्या पट्टीवर जांभळ्या शाईचे शिक्के असतात; ते दाटीने पडलेले असतील तर पुस्तक हातोहात फिरलेले आहे, आणि दोन शिक्क्यांमध्ये कित्येक वर्षे गेली असतील तर ते कपाटात पडून राहिले आहे. अशी पडून राहिलेली पुस्तके मी मुद्दाम उघडतो, मधलेच एखादे पान वाचतो, आणि लेखकाने तिथे धरून ठेवले तर घरी आणतो. (पहिले पान बघून निवडू नये, ते प्रत्येक लेखक घासूनपुसून लिहितो.)

माझी यादी पाहून भाची म्हणाली, “मामा, कोल्हापूर म्हणता आणि ‘ययाती’ नाही?” प्रश्न रास्त आहे. वि. स. खांडेकरांची कर्मभूमी शेवटी हीच, आणि 1974 साठीचा ज्ञानपीठ पुरस्कार मिळवून ते तो मान मिळवणारे पहिले मराठी लेखक ठरले. पण ‘ययाती’ची कथा हस्तिनापूरची आहे आणि मला यंदा इथली माती, इथले पाणी, इथली माणसे वाचायची आहेत. तिने मात्र ‘ययाती’च उचलले आहे. ते वाचून झाले की ‘झोंबी’ची प्रत तिच्याकडे जाईल, असे आमचे ठरले आहे.