राजाची नात मराठीत भांडायची का?

रत्नागिरीची पोरं थिबा पॉइंटवर वाटेल तेव्हा जातात, पण थिबा राजवाड्यात पाऊल टाकायला त्यांना शाळेची सहल लागते. इतिहास माझ्याकडे असल्याने ही जबाबदारीही माझीच. यंदा आठवीला नेलं.

जांभ्याच्या भिंती, नक्षीच्या अर्धगोल लाकडी खिडक्या आणि पलीकडे भाट्याची खाडी. पोरं खूश. मी नेहमीची सनावळी सुरू केली. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा. १८८५मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि १८८६मध्ये त्याला राणी-मुलींसकट मद्रासमार्गे इथे आणून ठेवलं. राजवाडा बांधून झाला १९१०मध्ये, राजा वारला १९१६मध्ये.

"म्हणजे इथे सहाच वर्षं?" एरवी मागच्या बाकावर डुलक्या काढणाऱ्याने वजाबाकी केली. "आणि आधीची चोवीस?"

सरकारी बंगल्यात, म्हटलं. परवानगीशिवाय गावाबाहेर जायचं नाही, सरकार देईल त्या तनख्यात भागवायचं. पैसे पुरेनात तेव्हा माणकं विकायची.

"नि मुली? त्यांची लग्नं?"

इथे मी जरा अडखळलो. थोरल्या राजकन्येचं मन जडलं ते दारावरच्या गोपाळ सावंतांवर. ते आधीच लग्न झालेले. १९०६मध्ये मुलगी झाली, टूटू. तेरा-चौदा वर्षांच्या पोरांना हे कसं सांगायचं? शेवटी आडपडदा न ठेवता सांगून टाकलं. राजाच्या मृत्यूनंतर १९१९मध्ये कुटुंब ब्रह्मदेशी परतलं. पण थोरली राजकन्या टूटूला घेऊन पुन्हा रत्नागिरीतच आली. टूटूने इथल्याच पवारांशी लग्न केलं, गरिबीत संसार केला, मुलं वाढवली. २०००मध्ये ती गेली.

कोणी फिदीफिदी हसलं नाही. एका मुलीने तेवढं विचारलं, "सर, राजाची नात आपल्यासारखं मराठी बोलायची?"

"अगदी. अख्खा जन्म इथे गेला."

"भांडायचीसुद्धा मराठीत?"

आता मात्र सगळा वर्ग खिदळला. माझ्याकडे उत्तर नव्हतं, पण नळावर कोणती भाषा चालते हे मला पक्कं ठाऊक आहे.

तिथून राजाच्या समाधीकडे गेलो. २०१२मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन इथे येऊन गेले, हे सांगितलं. पोरांना त्याचं फारसं कौतुक वाटलं नाही. त्यांची आपापसात चर्चा चालली होती ती टूटूला कोणाच्या आजीने पाहिलं असेल याची.

दरवर्षी 'थिबा राजवाडा' या विषयावर निबंध लिहून घेतो आणि सगळ्यांची पहिली चार वाक्यं सारखीच येतात. यंदा निबंध रद्द केला. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला टूटूबद्दल विचारा आणि ते बोलतील तसंच उतरवून आणा, एवढंच काम दिलं. निम्म्या वह्या कोऱ्या आल्या, काहींत नुसत्या ऐकीव कंड्या. तरी पुढल्या वर्षीही हेच देणार आहे. फक्त सहलीच्या आठवडाभर आधी, म्हणजे प्रश्न घरून घेऊनच राजवाड्यात शिरतील.